‘कर्टन’ म्हणजे नेमका कोणता पडदा? महायुद्धानंतरच्या बातम्यांतल्या एका शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका साध्या इंग्रजी शब्दासाठी एवढं मोठं पान कशाला?

मी आंतरराष्ट्रीय डेस्कवर काम करते. एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणणं हे माझं रोजचं काम. त्यात ‘कर्टन’ हा शब्द आठवड्यातून दोन-तीनदा भेटतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. कधी तो युरोपची फाळणी सांगतो, कधी उद्याच्या सामन्याची तोंडओळख करून देतो, कधी कुणाची कारकीर्द संपल्याचं कळवतो. नवे उपसंपादक, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि जुनी वर्तमानपत्रं चाळणारे वाचक यांच्याकडून त्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

‘आयर्न कर्टन’ हा शब्दप्रयोग चर्चिल यांनीच घडवला ना?

‘आयर्न कर्टन’, मराठीत ‘पोलादी पडदा’, म्हणजे महायुद्धानंतर सोव्हिएत वर्चस्वाखालचा पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांना तोडणारी रेषा. हा शब्द ब्रिटनचे युद्धकाळातले पंतप्रधान चर्चिल यांनी जगभर पोचवला, घडवला मात्र नाही.

5 मार्च 1946 रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या फुल्टन या छोट्या गावी, वेस्टमिन्स्टर कॉलेजच्या जिमखान्यात चर्चिल यांचं भाषण झालं. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला होता, त्यामुळे तेव्हा ते पंतप्रधान नव्हते. पण व्यासपीठावर स्वतः अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन बसले होते, म्हणून त्या भाषणाला सरकारी वजन आलं. बाल्टिक समुद्रावरच्या स्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या त्रिएस्तेपर्यंत युरोप खंडावर एक लोखंडी पडदा उतरला आहे, असं ते म्हणाले. सोव्हिएत नेते स्टालिन यांनी दहा दिवसांच्या आतच ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाला मुलाखत देऊन चर्चिल यांची तुलना थेट हिटलरशी केली. शब्द गाजायला आणखी काय हवं होतं?

त्याआधीचा माग काढला तर गंमत वाटत नाही, अंगावर काटा येतो. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झाले असताना व्हर्नन ली या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेने लंडनच्या एका चर्चमध्ये जर्मन संगीतकार बाखचं नाताळ-संगीत ऐकलं. तेच संगीत त्याच दिवसांत जर्मनीतही लोक ऐकत असतील, आणि मधे मात्र युद्धाचा लोखंडी पडदा आहे, असं तिने लिहिलं. तिच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, सारखीच. पुढे 1920 मध्ये ब्रिटिश मजूर पक्षाच्या शिष्टमंडळाबरोबर रशियाला गेलेल्या एथेल स्नोडेन यांनी आपण अखेर ‘लोखंडी पडद्याआड’ पोचलो, असं प्रवासवर्णनात नोंदवलं. मग 25 फेब्रुवारी 1945 ला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने ‘दास राइश’ या साप्ताहिकात लिहिलं, की जर्मनीने शस्त्रं टाकली तर सोव्हिएत ताब्यातल्या मुलखावर लोखंडी पडदा उतरेल. मे महिन्याच्या सुरुवातीला जर्मन मंत्री श्वेरिन फोन क्रोसिक यांनी रेडिओवरून तेच सांगितलं आणि लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापलं. 12 मे 1945 रोजी चर्चिल यांनी ट्रुमन यांना तार केली, तिच्यात हा शब्द आहे.

म्हणजे एका शांततावादी बाईने दुःखाने वापरलेला शब्द तीस वर्षांत नाझी प्रचाराच्या हातून फिरून लोकशाही देशाच्या नेत्याच्या तोंडी आला. ‘हा शब्द कुणाचा’ या प्रश्नाला मी एका नावाने उत्तर देत नाही ते यामुळेच.

पण पडदा लोखंडाचा कसा असेल? ही नुसती कल्पनाच ना?

मुळीच नाही. ती खरीखुरी वस्तू आहे आणि आजही नाट्यगृहांत असते. मेणबत्त्या, तेलाचे दिवे, मग गॅस, आणि मागे रंगवलेल्या कापडाचे देखावे, त्यामुळे युरोपातली नाट्यगृहं वारंवार जळत. आग बहुतेक वेळा रंगमंचावर लागे. ती प्रेक्षागृहात पसरू नये म्हणून मधे धातूचा पडदा सोडायची सोय झाली. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 1794 साली असा पडदा बसवला आणि प्रेक्षकांना तो मुद्दाम खाली सोडून दाखवला. पुढे व्हिएन्नाचं रिंगथिएटर 1881 मध्ये जळालं, एक्झेटरचं थिएटर रॉयल 1887 मध्ये जळालं, शेकडो माणसं गेली, आणि असे पडदे बसवण्याची सक्ती वाढत गेली. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये 30 डिसेंबर 1903 रोजी तर आगरोधक पडदा खाली येता येता मधेच अडकला. सहाशेहून जास्त लोक मेले.

हे माहीत असलं की फुल्टनच्या वाक्याचा खरा रोख कळतो. तो पडदा कापडी, शोभेचा नव्हता. पलीकडे आग लागली आहे आणि आपण प्रेक्षागृहात सुरक्षित आहोत, असं तो शब्द न बोलता सांगत होता. ज्यांच्या डोक्यावर आग होती ते लोक मात्र या चित्रात दिसतच नाहीत.

जर्मन भाषेत नाट्यगृहातला पडदा आणि राजकारणातला पडदा यांना एकच नाव आहे. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात 1998 पासून दर हंगामात त्या लोखंडी पडद्यावर एका कलावंताची भव्य कलाकृती लावतात. फ्रेंचमध्ये तर ‘लोखंडी पडदा’ म्हणजे दुकानाचं शटरसुद्धा.

स्टेटिन ते त्रिएस्ते ही रेषा नकाशावर जुळते का?

पुरती नाही, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. व्हिएन्नाच्या एका जुन्या छायाचित्राखाली मी ‘पोलादी पडद्याआडचं व्हिएन्ना, 1960’ अशी ओळ दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. रागावले नाहीत. “बाई, 1955 चा ऑस्ट्रियाचा करार वाचा एकदा,” एवढंच म्हणाले. मी वाचला. 15 मे 1955 च्या त्या करारानंतर चारही विजेत्या राष्ट्रांच्या फौजा ऑस्ट्रियातून गेल्या आणि देश तटस्थ झाला. 1960 मध्ये व्हिएन्ना पडद्याच्या अलीकडे होतं. दुरुस्ती छापली. तेव्हापासून ‘पोलादी पडदा’ लिहिताना साल आणि शहर दोन्ही तपासते.

चूक कुठून आली तेही सांगते. चर्चिल यांनी त्या रेषेपलीकडच्या राजधान्यांची यादीच दिली होती: वॉर्सा, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड, बुखारेस्ट, सोफिया. ही यादी 1946 ची आहे. बर्लिन आणि व्हिएन्ना तेव्हा चौघांत वाटलेली होती. बेलग्रेडचे टिटो 1948 मध्ये स्टालिनपासून फुटले आणि युगोस्लाव्हिया सोव्हिएत गोटाबाहेर पडला. उत्तरेला स्टेटिनच्या पश्चिमेकडचा भाग पुढे पूर्व जर्मनी झाला, त्यामुळे प्रत्यक्ष सीमा ल्यूबेकजवळ समुद्राला मिळत होती. भाषणातली रेषा आणि काटेरी तारेची रेषा वेगळ्या होत्या.

हा पडदा नजर अडवणारा होता की माणसं अडवणारा?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

सुरुवातीला तक्रार नजरेची होती. 1945 च्या तारेत चर्चिल म्हणतात, रशियनांच्या आघाडीवर पडदा ओढला गेला आहे आणि त्यामागे काय चाललंय ते आम्हाला कळत नाही. ही बातमी न मिळणाऱ्या माणसाची तक्रार आहे. बातमीदारांचं दुखणंही तेच होतं. मॉस्कोतल्या परदेशी बातमीदाराला आपली कॉपी आधी सेन्सॉरकडे द्यावी लागे आणि तिथून कापून आलेली तारेने पाठवावी लागे. ही पूर्वतपासणी 1961 पर्यंत चालली. उलट दिशेनेही तेच: 1948-49 पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ आणि बीबीसीच्या रशियन प्रक्षेपणांवर सोव्हिएत यंत्रणा खरखर सोडू लागली. इकडून तिकडचं दिसत नव्हतं, तिकडे इकडचं ऐकू येत नव्हतं. याला ‘पडदा’ म्हणणं अगदी चपखल होतं.

पण पुढे त्या रेषेवर काटेरी तारा आल्या, सुरुंग पेरले गेले, टेहळणी मनोरे उभे राहिले. 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिन शहर मधोमध तोडलं गेलं. आता प्रश्न दिसण्याचा उरला नव्हता. पलीकडची खिडकी, त्या खिडकीतली आजी आणि तिचा हलणारा रुमाल सगळं दिसत होतं, फक्त तिच्याकडे जाता येत नव्हतं. तरी वर्तमानपत्रांनी शब्द बदलला नाही. मला ही त्या शब्दाची फार मोठी उणीव वाटते. पडदा बाजूला सारता येतो. पडद्याला हात लावला म्हणून कुणी गोळी घालत नाही. म्हणून ज्या बातमीत माणसं ओलांडताना मेली, तिथे मी ‘पडदा’ लिहीत नाही. ‘सीमा’, ‘कुंपण’, ‘भिंत’ असं जे असेल ते लिहिते.

आयर्न म्हणजे लोखंड. मग मराठीत ‘पोलादी पडदा’ का?

मराठीत लोखंडी खाट असते, लोखंडी सळई असते, लोखंडी कढई असते. ‘लोखंडी’ म्हटलं की वस्तू दिसते. लाक्षणिक कणखरपणा सांगायचा तर आपण ‘पोलादी’ म्हणतो: पोलादी मनगट, पोलादी इच्छाशक्ती. शिवाय ‘पोलादी पडदा’ उच्चारताना दोन्ही प एकमेकांना धरून राहतात आणि मथळ्याला जोर येतो. सरदार पटेलांसाठी मात्र संस्कृत वळणाचा ‘लोहपुरुष’ रूढ झाला. ‘पोलादी चौकट’ ही प्रशासकीय सेवेसाठीची संज्ञा मुळातच इंग्रजी ‘स्टील फ्रेम’वरून आलेली आहे, तिथे धातू बदललेला नाही. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांना 1976 मध्ये सोव्हिएत लष्कराच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या दैनिकाने टोमणा म्हणून ‘लोखंडी बाई’ म्हटलं आणि त्यांनी तो आनंदाने मिरवला. त्याही मराठीत ‘पोलादी महिला’च झाल्या. ‘लोखंडी पडदा’ चूक नाही, पण रुळलेला शब्द ‘पोलादी’ आहे आणि तो बदलायचं मला कारण दिसत नाही.

बांबूचा, निवडुंगाचा, बर्फाचा असेही पडदे वाचले. ते खरे आहेत का?

आहेत. एक शब्द चालला की बातमीदार त्याचे भाऊबंद शोधतातच.

1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा अमेरिकी नियतकालिकांनी ‘बांबू कर्टन’ रूढ केला. मराठी वाचकाला यातून आपल्याकडचा चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, पडदा आठवायला हवा. जुन्या वाड्यांत, दरबारांत बायका चिकामागे बसत. आतून बाहेरचं दिसे, बाहेरून आतलं दिसत नसे. चीनच्या बाबतीत ही प्रतिमा इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त बोलते असं मला नेहमी वाटतं. एप्रिल 1971 मध्ये अमेरिकेचा टेबल टेनिस संघ हाँगकाँगच्या हद्दीतून लो वूचा पूल चालत ओलांडून चीनमध्ये गेला. काही अमेरिकी बातमीदारांनाही तेव्हा आत सोडलं गेलं. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला पोचले.

‘कॅक्टस कर्टन’ हा यातला शब्दशः खरा. क्युबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी तळाच्या कडेने क्युबाच्या सैन्याने 1961 मध्ये निवडुंगाचं कुंपण लावलं, आपल्या लोकांनी तळात आसरा घेऊ नये म्हणून. ‘टॉर्टिया कर्टन’ हा 1970 च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोच्या सीमेवरच्या कुंपणाला दिलेला शब्द. एका समाजाच्या रोजच्या भाकरीवरून कुंपणाचं नाव पाडणं मला बरं वाटत नाही, आणि मराठीत तो आणायचीही गरज नाही.

‘आइस कर्टन’ मात्र थांबून वाचण्यासारखा आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन बेटं आहेत, मोठं डायोमीड रशियाचं आणि लहान डायोमीड अमेरिकेचं. मधलं अंतर चार किलोमीटरही नाही. दोन्हीकडच्या आदिवासी कुटुंबांत सोयरीक होती. 1948 मध्ये सोव्हिएत बाजूने येणं-जाणं बंद झालं आणि समोर दिसणारे नातेवाईक परके झाले. 7 ऑगस्ट 1987 रोजी लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू साध्या पोहण्याच्या पोशाखात लहान बेटावरून निघाली आणि त्या गोठवणाऱ्या पाण्यातून दोन तासांहून थोडा जास्त वेळ पोहत मोठ्या बेटावर पोचली. सोव्हिएत बाजूला लोक तिच्या स्वागताला उभे होते. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं.

‘फॉल ऑफ द आयर्न कर्टन’ म्हणजे पडदा पडला की उठला?

डेस्कवर सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि दोष भाषांतरकाराचा नाही. 1946 च्या इंग्रजीत पडदा ‘पडला’ म्हणजे फाळणी सुरू झाली. 1989 च्या इंग्रजीत पडदा ‘पडला’ म्हणजे फाळणी संपली. पहिल्या वेळी डोळ्यापुढे नाट्यगृह आहे, दुसऱ्या वेळी कोसळलेली भिंत. मराठीत तर अडचण दुप्पट, कारण आपला पडदाही ‘पडतो’ आणि भिंतही ‘पडते’. ‘पोलादी पडदा पडला’ एवढा मथळा दिला तर वाचक साल बघितल्याशिवाय अर्थ लावू शकत नाही.

मी 1946 साठी ‘उतरला’ किंवा ‘ओढला गेला’ वापरते, 1989 साठी ‘हटला’ किंवा ‘दूर झाला’.

घडलं काय ते पाहिलं तर ‘पडला’ हे क्रियापद आणखीच चुकीचं वाटतं. हंगेरीच्या ऑस्ट्रियाकडच्या सीमेवर विजेची धोक्याची सूचना देणारी तार होती. ती गंजली होती, जनावरं घासून गेली तरी वाजायची, आणि नवी आणायची तर पश्चिमेकडून परकीय चलन मोजून. 2 मे 1989 ला हंगेरीने ती काढायला घेतली. 27 जूनला सोप्रोनजवळ ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री आलोइस मॉक आणि हंगेरीचे ज्युला हॉर्न यांनी मोठ्या कात्र्या हातात घेऊन छायाचित्रकारांसमोर तार कापली. कोट-टाय घातलेले दोन मंत्री, हातात तार तोडायची अवजारं! तोवर बरंचसं कुंपण आधीच उतरलेलं होतं. पण ते छायाचित्र पूर्व जर्मनीतल्या घराघरांत टीव्हीवर दिसलं आणि लोक सुटीच्या नावाखाली हंगेरीकडे निघाले. 19 ऑगस्टला सोप्रोनजवळच एका सहलीच्या कार्यक्रमात सीमेचं फाटक उघडलं तेव्हा सहाशेहून अधिक पूर्व जर्मन पलीकडे गेले. बर्लिनची भिंत उघडायला अजून पावणेतीन महिने होते. पडदा एका क्षणी पडला नाही. तो माणसांनी तार तार करून काढला.

‘कर्टन रेझर’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ अर्थ मुख्य नाटकाआधीची छोटी नाटिका. बातमीदारीत त्याचा अर्थ होतो मोठी घटना घडण्याच्या आदल्या दिवशी दिलेली तयारीची बातमी. अधिवेशन, साहित्य संमेलन, निवडणुकीचा निकाल, क्रिकेट मालिका यांच्या आदल्या दिवशी मराठी संपादकसुद्धा सरळ ‘कर्टन रेझर दे’ असंच म्हणतो. लष्करी सरावांच्या आधी केंद्र सरकारची पत्रसूचनाही याच मथळ्याने निघते. न्यूजरूममध्ये तो शब्द आहे तसा राहू द्या. छापताना मात्र ‘पूर्वतयारी’, ‘आजपासून’, ‘उद्यापासून रंगणार’ असं प्रसंगानुसार लिहा.

खेळाच्या बातमीत अर्थ जरा वेगळा. इंग्लंडमध्ये फुटबॉल हंगामाच्या तोंडावर होणाऱ्या कम्युनिटी शील्डच्या सामन्याला ‘कर्टन रेझर’ म्हणतात. पान सुटायला वीस मिनिटं असताना याचं ‘पडदा उचलणारा सामना’ असं भाषांतर माझ्यासमोर आलेलं आहे. ‘सलामीचा सामना’ म्हणा, काम झालं.

‘इट्स कर्टन्स’ आणि ‘कर्टन कॉल’?

पहिल्याचा अर्थ खेळ खलास. दुसरा म्हणजे प्रयोग संपल्यावर नटांनी पुन्हा समोर येऊन केलेलं अभिवादन, बातमीत बहुधा निवृत्त होणाऱ्या खेळाडूचा निरोप.

ब्रिटनच्या निवडणूक बातम्यांत ‘पर्दा’ दिसतो. तो आपलाच का?

आपलाच, म्हणजे फारसीतून मराठी-हिंदी-उर्दूत आलेला आणि हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला. निवडणुकीआधी सरकारी यंत्रणेने नव्या घोषणा, प्रचाराला मदत होईल अशी प्रसिद्धी टाळायची, त्या काळाला ब्रिटिश पत्रकार ‘पर्दा’ म्हणत आले. सरकारी कागदांत आता ‘निवडणूकपूर्व काळ’ असा साधा शब्द आहे. मराठीत ‘पडदा पद्धत’ असं चुकूनही लिहू नका. ‘निवडणूकपूर्व निर्बंध’ हे बरोबर. ‘आचारसंहिता’ जवळची वाटते, पण आपली आचारसंहिता पक्षांना आणि उमेदवारांनाही बांधते. तिकडचा ‘पर्दा’ मुख्यतः सरकार आणि नोकरशाहीसाठी आहे.

‘काळाच्या पडद्याआड’ हे इंग्रजीवरून घेतलेलं आहे का?

नाही, हे मराठीचं स्वतःचं आहे. ज्येष्ठ कलावंत किंवा कार्यकर्ता गेला की हा मथळा हमखास येतो. ज्या समाजाने शंभर-सव्वाशे वर्षं नाटकावर जीव टाकला, त्याच्या भाषेत पडदा असा खोल उतरणारच. ‘वादावर पडदा’, ‘पडद्यामागच्या हालचाली’ हेही असेच घरचे. मात्र ‘रुपेरी पडदा’ वेगळा: तिथे इंग्रजीत ‘स्क्रीन’ आहे. आपल्याकडे दोघांना एकच शब्द, त्यामुळे उलट भाषांतर करताना जपा.

‘पोलादी पडदा’ अवतरणचिन्हांत लिहावा का?

1946 ते 1989 च्या इतिहासाबद्दल लिहिताना नको, तो आता नुसता शब्द आहे. सोव्हिएत वर्तमानपत्रं मात्र तो अवतरणातच छापत, हा शत्रूचा शब्द आहे हे दाखवायला. आजच्या घडामोडींबद्दल कुणी तो वापरला तर अवतरण हवंच, आणि बोलणाऱ्याचं नावही. जून 2022 च्या अखेरीस रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी पोलादी पडदा जवळजवळ उतरतोच आहे असं म्हटलं, तेव्हा तो त्यांचा दावा होता, आमची बातमी नव्हती. फिनलंड 4 एप्रिल 2023 रोजी नाटोत गेला. रशियाशी असलेल्या 1,340 किलोमीटर सीमेपैकी सुमारे 200 किलोमीटरवर त्याने कुंपण घालायला घेतलं आणि 2023 च्या शेवटी रस्त्याच्या चौक्या बंद केल्या. त्या बातमीत मी ‘कुंपण’ आणि ‘चौक्या’ हेच शब्द ठेवले.